बॉनेटखालची भट्टी

१९१८ साली अमेरिकेत विमानाचं एक इंजिन ट्रकवर चढवून थेट डोंगराच्या माथ्यावर नेलं गेलं. डोंगर कोलोरॅडोतला पाइक्स पीक, उंची १४,००० फुटांच्या वर. तिथल्या विरळ हवेत माणसासारखंच इंजिनही धापा टाकतं. जनरल इलेक्ट्रिकचा इंजिनिअर सॅनफर्ड मॉस याला एक गोष्ट दाखवायची होती. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराने एक चाक फिरवायचं, त्याच दांडीच्या दुसऱ्या टोकाला पंखा बसवायचा आणि त्या पंख्याने हवा दाबून पुन्हा इंजिनात भरायची. मग उंचीवर गेलेली ताकद परत मिळते. ती मिळाली. मूळ कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखीची, पेटंट १९०५ चं. आज आपण ज्याला टर्बो म्हणतो, तो हाच.

टर्बोचा इतिहास बहुतेक वेळा ताकदीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मला तो उष्णतेचा इतिहास वाटतो. पेट्रोल इंजिनातून निघणारा धूर जोरात चालवताना ९०० अंश सेल्सिअसच्या घरात असतो. त्यात फिरणारं चाक आणि त्याभोवतीचं ओतीव लोखंड लालबुंद होतं. विमानात याची फिकीर नव्हती. दुसऱ्या महायुद्धातल्या बी-१७ बॉम्बरचे टर्बो इंजिनांच्या पोटाखाली, तर पी-३८ चे पाठीवर, सरळ वाऱ्यात उघडे ठेवलेले होते. वरची हवा गोठवणारी आणि वारा ताशी शेकडो किलोमीटरचा. लाल होऊ दे नाहीतर पांढरं!

कारमध्ये हीच वस्तू पत्र्याच्या पेटीत आली. शेजारी बॅटरी, वायरिंग, रबरी नळ्या, प्लॅस्टिकच्या टाक्या. आणि गाडी सिग्नलला उभी.

शिवाय उष्णता एकच नाही, दोन आहेत. एक धुराची, बाहेरून भाजणारी. दुसरी आत भरलेल्या हवेची. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड गरम होतं, तसंच इथे. ४० अंशांची हवा दुप्पट दाबावर नेली, की ती सहज १३० अंशांच्या पुढे जाते. एवढी गरम हवा सिलिंडरमध्ये गेली, की पेट्रोल वेळेआधीच पेटतं, इंजिन खडखडतं. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिलं तर पिस्टन फुटतात.

१९६२ मध्ये ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर नावाची गाडी विकायला काढली. त्याच वर्षी शेव्हरलेने कॉर्व्हेअरलाही टर्बो बसवला. सर्वसामान्यांना शोरूममधून विकत घेता येतील अशा टर्बोच्या या पहिल्या दोन गाड्या. जेटफायरचं इंजिन साडेतीन लिटरचं, अॅल्युमिनियमचं, व्ही-आठ. इंजिनिअरांनी त्याचं कॉम्प्रेशन १०.२५ ठेवलं, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनालाही जास्त वाटावं इतकं. नॉकिंग तर होणारच. त्यावर त्यांनी काढलेला उपाय आपल्याला ओळखीचा वाटेल, कारण तो माठाचा आहे. माठातून पाझरलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. तसंच इंजिनात जाणाऱ्या हवेत निम्मं पाणी आणि निम्मं मिथेनॉल यांचं मिश्रण फवारायचं. युद्धात लढाऊ विमानांनी ही युक्ती वापरलेली होती. कंपनीने मिश्रणाला झोकदार नाव दिलं : टर्बो रॉकेट फ्लुइड. त्यासाठी बॉनेटखाली वेगळी टाकी होती. ती मालकाने भरत राहायची.

गाडी तिथेच अडली. मालक टाकी भरेनात. टाकी रिकामी झाली, की आतली एक झडप हवेचा दाब कापायची, म्हणजे इंजिन वाचायचं. पण मालकाला वाटायचं, गाडीचा पिकअप गेला. दोन वर्षांत दहा हजारही गाड्या खपल्या नाहीत. पुढे कंपनीने जुन्या ग्राहकांना टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून घ्या, असं सांगितलं.

मालकांना आळशी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. वैमानिकाला दाबाचे काटे वाचायचं प्रशिक्षण असतं, खाली मेकॅनिकांची फौज असते. जेटफायर घेणारा माणूस सोमवारी ऑफिसला जाणार होता. अभियांत्रिकी चोख होती. फक्त तिच्यातला एक भाग हाडामांसाचा होता आणि तो विसराळू होता.

पुढची वीस-पंचवीस वर्षं हा भाग हळूहळू काढून टाकण्यात गेली. पोर्शाने १९७८ मध्ये ९११ टर्बोला इंटरकूलर दिला, म्हणजे दाबलेल्या हवेसाठी वेगळा रेडिएटर. इंजिन मागे असल्यामुळे तो मागच्या मोठ्या पंखाखाली बसवला. शर्यतींत रेनोने १९७७ मध्ये सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनची पहिली टर्बो गाडी उतरवली. ती इतक्या वेळा वाफाळत थांबली, की लोक तिला पिवळी किटली म्हणू लागले. दोन वर्षांनी रेनोच्याच टर्बो गाडीने फ्रान्सची शर्यत जिंकली. माझ्या मते मात्र खरं वळण साबने घेतलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी इंजिनाला कान बसवला. नॉकिंगची चाहूल लागताच सेन्सर स्वतःच टर्बोचा दाब उतरवायचा. मालकाने काही भरायचं नाही, काही लक्षात ठेवायचं नाही.

आपल्या रस्त्यावरचं उदाहरण म्हणजे जुन्या डिझेल फॉर्च्युनरच्या बॉनेटवरचं नाक. पुढाऱ्यांच्या ताफ्यात ते रुबाबाचं चिन्ह झालं, पण त्याच्या बरोबर खाली इंटरकूलर आहे. नाकातून शिरणारा वारा त्याच्यावरच पडतो. काही हौशी मंडळी कुठल्याही गाडीला चिकटवायचं नाक आणतात. त्याखाली भोकही नसतं.

हौशीवरून आठवलं. एक्झॉस्टला पट्टी गुंडाळायची फॅशन आहे. पाइपावर ती कामाची आहे. उष्णता आतच राहते, बॉनेटखाली पसरत नाही. पण ओतीव लोखंडी मॅनिफोल्डवर गुंडाळली, तर ते लोखंड आधीपेक्षा जास्त तापतं आणि तडकू शकतं. उलट, टर्बोवरचं चकचकीत पत्र्याचं झाकण लोक हलक्यात घेतात. माझ्या गाडीचं ते झाकण नाशिकच्या एका गॅरेजमध्ये कामानंतर परत बसलंच नाही. विचारलं तर म्हणाले, ‘‘साहेब, नुसतं खडखडतं ते.’’ तो पत्रा उष्णतेचे किरण मागे परतवतो. तो नसेल तर शेजारची नळी भाजते. हवा ओढणाऱ्या पाइपाचं तोंडही समोरच्या जाळीकडेच हवं. बाहेर ४० अंश आणि बॉनेटखाली ७० असतील, तर आतली हवा जवळजवळ ९ टक्के विरळ असते. पाइक्स पीकचा छोटा भाऊच तो.

एक काम मात्र बरीच वर्षं माणसाकडेच राहिलं होतं : गाडी बंद करण्याचं. इंजिन थांबलं, की ऑइलचं फिरणंही थांबतं. मग टर्बाइनची साठलेली उष्णता दांडीवरून बेअरिंगपर्यंत सरकते आणि तिथलं ऑइल जळून कोळशासारखं चिकटतं. म्हणून जुने ड्रायव्हर चढ संपल्यावर गाडी मिनिटभर आयडलवर ठेवतात. १९८० च्या दशकात बेअरिंगभोवती इंजिनाचं पाणी खेळवायला सुरुवात झाली. त्यातली गंमत अशी, की पंप बंद झाल्यावरही गरम पाणी आपोआप वर चढतं, थंड पाणी त्याची जागा घेतं आणि काही वेळ फिरणं चालू राहतं. पुढे बऱ्याच गाड्यांत यासाठी विजेचा छोटा पंपही आला.

माझ्या गाडीत तो आहे. कसारा घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलो, चावी काढली, तरी बॉनेटखालून घूं घूं आवाज येत राहतो. हॉटेलवाला पोऱ्या दर वेळी सांगतो, ‘‘काका, गाडी चालूच ऱ्हायली तुमची.’’