खोकल्यावर अडुळसा : घरगुती वापर आणि मोफत तपासणी

अडुळसा हे कुंपणाला लावले जाणारे, लांबट टोकदार पानांचे आणि पांढऱ्या फुलांचे झुडूप. पाला इतका कडू की शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत. हिंदीत त्याला अडूसा, गुजरातीत अरडूसी, बंगालीत बासक म्हणतात. आपण परराज्यात राहत असाल तर तिथले नाव विचारून, झाड ओळखणाऱ्याकडून खात्री करूनच पाने घ्या.

कफाच्या खोकल्यावर अडुळशाचा रस मधातून देण्याची पद्धत जुनी आहे. कच्च्या पानांतून रस फारसा निघत नाही, म्हणून ती आधी वाफवतात, मग पिळतात. पानांतील व्हॅसिसिन या घटकावरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे औषध पुढे आले, तेव्हा आजीबाईच्या बटव्यातला हा उपाय अगदीच निराधार नाही. मात्र गरोदर स्त्रियांनी अडुळसा घेऊ नये; त्याने गर्भाशय आकुंचन पावू शकते. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये.

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, थुंकीतून रक्त पडले, संध्याकाळी ताप येऊ लागला किंवा वजन घटले, तर काढ्यावर दिवस काढू नका. जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा सरकारी दवाखान्यात जा. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे तिथे मोफत आहेत. निदान होऊन ‘निक्षय’वर नोंद झाली की निक्षय पोषण योजनेतून उपचार संपेपर्यंत दरमहा १,००० रुपये या दराने मदत थेट बँक खात्यात येते (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० रुपये होती). खासगी डॉक्टरांचे रुग्णही पात्र आहेत. आपली नोंद झाली का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. टोल-फ्री क्रमांक : १८००-११-६६६६.