दोन विद्युत मोटारी आणि ‘कोणासाठी?’ हा जुना प्रश्न

१/ चाकणच्या महिंद्राच्या कारखान्यात दोन विद्युत एसयूव्ही तयार होतात : बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही एकाच दिवशी लोकांसमोर आल्या. पायाभूत सांगाडा एकच, बॅटरीचे पर्यायही तेच : ५९ किंवा ७९ किलोवॅट-तास. तरीही ग्राहक विचारतो, ‘यातली माझ्यासाठी कोणती?’ पहिली गाडी चालवण्याची हौस असणाऱ्याची, दुसरी कुटुंबवत्सलाची, हे त्याचे प्रचलित उत्तर. हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. त्याला एकदा चुकीचे उत्तर दिले गेले, त्याची ही हकिगत.

२/ प्रारंभी विद्युत मोटार कोणा एका वर्गाची नव्हती. १८९९ मध्ये पॅरिसजवळ आशेर येथे कामिय जेनात्झी या बेल्जियन शर्यतपटूने ताशी १०० किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली, ती विद्युत मोटारीतून. गाडीचे नाव होते ‘ला जामे काँतांत’, म्हणजे ‘कधीच समाधान न पावणारी’.

३/ त्याच सुमारास अमेरिकेत वर्षाला अवघ्या ४,१९२ मोटारी बनत होत्या. त्यांपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि केवळ ९३६ पेट्रोलच्या. पेट्रोल तेव्हा तिसऱ्या क्रमांकावर होते.

४/ पेट्रोलची गाडी सुरू करणे हे अंगमेहनतीचे काम होते. पुढे उभे राहून लोखंडी हँडल मारावे लागे. ते उलट फिरले तर मनगट मोडे. वर धूर, आवाज आणि गिअर बदलण्याची कसरत. विद्युत मोटारीला यातले काहीच नव्हते : बसावे आणि निघावे. त्यामुळे रात्री-अपरात्री रोग्याकडे धावणाऱ्या शहरी डॉक्टरांनाही ती सोयीची वाटे.

५/ अँडरसन कॅरेज कंपनीने १९०७ मध्ये ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही मोटार बाजारात आणली. वेग ताशी सुमारे ३२ किलोमीटर. एकदा चार्ज केली की सुमारे १३० किलोमीटर जाईल, अशी जाहिरात होती; एका चाचणीत तर ती ३४० किलोमीटर धावली. शहरातल्या माणसाच्या दिवसभराच्या कामांना एवढे अंतर पुरून उरे.

६/ परंतु जाहिरातींनी हिशेब अंतराचा मांडला नाही, स्त्री-पुरुषांचा मांडला. बंद काचेची, दिवाणखान्यासारखी सजवलेली, सुकाणूसारख्या दांड्याने वळवायची गाडी स्त्रियांसाठी. तिने खरेदीला जावे, भेटीगाठी घ्याव्यात आणि घरी परतावे. दूरचा रस्ता, वेग आणि यंत्राशी झटापट हे पुरुषाचे क्षेत्र, असे गृहीत धरले गेले.

७/ या समजुतीचा फटका विद्युत मोटारीलाच बसला. ‘बायकांची गाडी’ असा शिक्का बसल्यावर पुरुष ग्राहक बिचकू लागला. मग १९११ च्या सुमारास त्याच कंपनीने दुसरी मोटार काढली : ‘जंटलमन्स अंडरस्लंग रोडस्टर’. बुटकी, समोर लांब बॉनेट, पाहताक्षणी पेट्रोलची वाटावी अशी. आत मात्र बॅटरी आणि विजेचीच मोटर. बाईंसाठी एक रूप, साहेबांसाठी दुसरे.

८/ व्यवहारात माणसे ही वाटणी मानत नव्हती. थॉमस एडिसन यांच्याकडेही डेट्रॉइट इलेक्ट्रिक होती. आणि हेन्री फोर्ड मॉडेल टी लाखोंच्या संख्येने विकत असताना त्यांच्या पत्नी क्लारा १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवीत. मॉडेल टीला तेव्हाही हँडल मारावे लागे. क्लाराबाईंची ती गाडी आज फोर्ड यांच्या नावाच्या संग्रहालयात आहे.

९/ विद्युत मोटार मागे पडली ती केवळ शिक्क्यामुळे, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९१२ मध्ये पेट्रोल मोटार सुमारे ६५० डॉलरना मिळे. विजेच्या रोडस्टरला १,७५० डॉलर पडत. एडिसन यांची निकेल-लोखंडाची बॅटरी हवी असल्यास आणखी ६०० डॉलर, म्हणजे जवळजवळ दुसऱ्या गाडीची किंमत! शिवाय अमेरिकेतील बहुतेक शेतघरांत वीज पोहोचलीच नव्हती. मग चार्जिंग करणार कोठे?

१०/ खरी गंमत पुढे आहे. त्याच १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विद्युत स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत बसवला गेला. हँडल गेले, एक बॅटरी आणि एक छोटी विजेची मोटर आली. ज्या सोयीला ‘स्त्रियांची गरज’ म्हणून हिणवले होते, ती पेट्रोलच्या गाडीत शिरताच सर्वांची गरज ठरली. तिला कोणी नाजूक म्हटले नाही.

११/ डेट्रॉइट इलेक्ट्रिकचे उत्पादन १९३९ पर्यंत कसेबसे चालले. एकूण सुमारे १३,००० गाड्या. मॉडेल टी १९२७ पर्यंत दीड कोटींवर गेली. किंमत आणि वीज या अडचणी खऱ्या होत्या. पण सोयीला लिंग चिकटवून विक्रेत्यांनी आपलाच निम्मा ग्राहक दूर लोटला, हेही तितकेच खरे.

१२/ आजच्या दोन एसयूव्हींमधला फरक खोटा नाही. बसण्याची जागा, आकार, चालवण्याचा अनुभव यांत तो आहेच. परंतु ‘ही अमक्या प्रकारच्या माणसाची’ हे वाक्य ऐकले की रोडस्टरचे ते लांब बॉनेट आठवावे. आधी स्वतःचा रस्ता मोजावा : रोज किती किलोमीटर, रात्री चार्जिंग कोठे, मागच्या आसनावर कोण? क्लाराबाईंनी असाच काही हिशेब केला असावा. घरात मोटारींचा कारखानदार असूनही त्यांनी आपल्या सोयीची गाडी निवडली.