पाण्यात हात घालू द्या

"पाण्यात हात घालू नकोस!" हे वाक्य आम्ही बालवाडीच्या अंगणात वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत आणि, प्रांजळपणे सांगायचे तर, स्वतःही उच्चारीत आलो आहोत. कपडे भिजतील, सर्दी होईल, चिखल होईल, ही आमची कारणे. परंतु विसाव्या शतकातील बालशिक्षणाचा इतिहास चाळला असता ध्यानात येते की, शाळेत पाणी आले ते स्वच्छतेसाठी आणि राहिले ते शिक्षक म्हणून.

मार्गारेट मॅकमिलन १८९४ साली इंग्लंडमधील ब्रॅडफर्डच्या शालेय मंडळावर निवडून आल्या. गिरणी कामगारांची मुले मळक्या अंगाने आणि रिकाम्या पोटी वर्गात बसत. अशा मुलांना आधी स्नान व अन्न द्या, अक्षरे मागाहून, असा त्यांचा आग्रह होता. १८९७ साली तेथील एका शाळेत स्नानाची व पोहण्याची सोय झाली. पुढे थोरली बहीण रेचेल यांच्यासह त्यांनी १९१४ साली लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत खुल्या हवेतील बालशाळा उघडली. तेथे बाग हाच वर्ग होता. १९१७ साली रेचेल निवर्तल्या. शाळेला त्यांचेच नाव देण्यात आले.

दुसरे पाऊल केंब्रिजमध्ये पडले. ऑक्टोबर १९२४ मध्ये सुरू झालेल्या मॉल्टिंग हाऊस शाळेत सुझन आयझॅक्स यांनी मुलांना बाग, वाळूचा हौद व पाणी मोकळे करून दिले. मुलाने प्रश्न विचारला की तयार उत्तर देण्याऐवजी "चला, करून पाहू या" असे म्हणण्याकडे त्यांचा कल असे. १९२७ साली जाँ पियाजे या शाळेला भेट देऊन गेले. एका पेल्यातील पाणी मुलासमोरच उंच व अरुंद पेल्यात ओतले, तर चार-पाच वर्षांचे मूल "आता पाणी वाढले" असे म्हणते, हे त्यांनी १९४१ च्या ग्रंथात मांडले. अशा मुलाला चूक ठरवून काय साधणार? ते पाणी त्याला पुनःपुन्हा ओतू देणे, हेच आम्हांस शहाणपणाचे वाटते.

तिसरे पाऊल आपल्या शेजारचेच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये गेले. माँटेसरींची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा शिंपले, खडे, पाने व बिया हीच साधने झाली. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी होय.

आमच्या वसईत एके काळी वाडीवाडीला बावखल असे. पाने कशी तरंगतात आणि खडा कसा बुडतो, हे मुलांना कोणी शिकवीत नसे. आता अनेक बावखले बुजली आहेत. ती आपणच बुजविली आणि मुलांचे हातही आपणच बांधले. निदान दोन घमेली पाणी तरी त्यांना परत देऊ या. सोबत करवंटी, भोकाचा डबा, गाळणी आणि पपईच्या पानाचा पोकळ देठ पुरे. खेळ संपला की ते पाणी केळीच्या बुंध्याशी ओतावे. म्हणजे उधळपट्टीचा आक्षेपही उरत नाही. मात्र मोठ्या माणसाने जागचे हलू नये, कारण लहान मूल बादलीतल्या थोड्या पाण्यातही बुडू शकते. खेळ आटोपताच भांडी रिती करावीत.

गेल्या जूनमध्ये आम्ही हा प्रयोग बालवाडीत केला. चार वर्षांचा एक मुलगा तरंगत्या करवंटीत एकेक खडा ठेवीत होता. सातव्या खड्याला ती बुडाली. सवयीप्रमाणे आम्ही कारण समजावून देण्यास पुढे सरसावलो. त्याने मान वर न करताच हात आडवा केला. "थांबा फादर, मी परत बघतो."

आम्ही थांबलो. त्या दिवशी शिकलो ते आम्हीच.