शंकरपाळ्यांची ढाल

गाऊन घ्यायला दुकानात गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी मापाच्या आधी वय विचारलं. चोवीस पूर्ण. पदवी? शिवाजी विद्यापीठाची बी.एस्सी., पुण्याची एम.एस्सी. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि केंब्रिजच्या एम.ए.चा काळा झगा पुढे सरकवला. केंब्रिजबाहेरची पदवी झग्यापुरती तरी जमेस धरत नाहीत. मात्र चोवीस वर्षं भरली असतील तर एम.ए.चा गाऊन चालतो, एका अटीवर: त्याच्या गळ्याशी लोंबणाऱ्या दोन लांब नाड्या दिसता कामा नयेत. त्या आतल्या बाजूला टाचून घ्यायच्या. साताऱ्याहून निघताना आईने बॅगेत सुईदोरा कोंबला होता, त्याचा पहिला उपयोग हा झाला.

साल २००९. विद्यापीठाला त्या वर्षी आठशे वर्षं झाली होती. १२०९ मध्ये ऑक्सफर्डला गावकऱ्यांशी तंटा होऊन काही विद्यार्थ्यांना फाशी दिलं गेलं, तेव्हा जी मंडळी जीव घेऊन निघाली त्यांतली काही कॅम नदीकाठच्या या गावात येऊन थांबली. तिथून मोजणी सुरू होते. आमच्या फिट्झविल्यम कॉलेजचं वय मात्र कोण सांगतंय त्यावर अवलंबून. सनद बघाल तर त्रेचाळीस, सुरुवात बघाल तर एकशेचाळीस.

अर्जातला कॉलेजचा रकाना मी कोरा सोडला होता, म्हणजे कुठलंही चालेल. विद्यापीठाने फिट्झविल्यमला धाडलं. माझा विषय विज्ञानाचा इतिहास. त्यामुळे विभागात न्यूटन वाचायचा आणि संध्याकाळी आपण राहतो ती वास्तू कुठून आली याची कागदपत्रं चाळायची, असा नाद लागला. आणि माझ्यासारखे कोरे रकानेवाले हेच या कॉलेजचं मूळ आहे, हे हळूहळू ध्यानात आलं.

केंब्रिजमध्ये विद्यार्थी व्हायचं तर आधी कुठल्या तरी कॉलेजचं व्हावं लागे. कॉलेज म्हणजे खोली, खानावळ, नोकरचाकर, वर्गण्या. शिक्षण राहिलं बाजूला, त्या इतमामाचाच खर्च एखाद्या शिंप्याच्या किंवा शाळामास्तरच्या मुलाला झेपत नसे. १८६९ मध्ये विद्यापीठाने नियम बदलला: कॉलेजचा सभासद नसलेल्यालाही नाव नोंदवता येईल. तो गावात खोली घेऊन राहील, जेवणाचं स्वतः बघेल, व्याख्यानं ऐकेल आणि परीक्षेला बसेल. अशा मुलांसाठी एक मंडळ नेमलं आणि त्यावर एक अधिकारी, ज्याचं पदनाम होतं सेन्सॉर. मुलांना म्हणत ‘नॉन-कॉलेजिएट’. आपल्याकडच्या ‘बहिःस्थ’ या शब्दाच्या हे फार जवळ आहे, त्यातल्या किंचित तुच्छतेसकट. माझे वडील बहिःस्थ विद्यार्थी म्हणून बी.ए. झाले. मार्कशीटवर तो शब्द छापून आला होता, म्हणून त्यांनी ती कधी फ्रेम केली नाही.

पुढे ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवर ३१ नंबरचं घर भाड्याने मिळालं. एका रांगेतलं साधं घर. पण या मुलांनी क्रिकेट, वल्ही, वादसभा असे आपापले क्लब जमवले आणि मैदानात उतरताना अडचण झाली. समोरचे आले ट्रिनिटीचे, आणि आपण? ‘नॉन-कॉलेजिएट’? संघाचं नाव म्हणून ‘कुणाचेही नसलेले’ कोण लावील? १८८७ मध्ये मुलांच्याच आग्रहाने घराला नाव मिळालं: फिट्झविल्यम हॉल.

हे नाव कुणा दात्याचं असेल असं वाटतं. तसं काही नाही. घरासमोर रस्त्यापलीकडे फिट्झविल्यम म्युझियम आहे, खांबांच्या भव्य ओळीचं, एका व्हायकाउंटच्या १८१६ सालच्या मृत्युपत्रातून उभं राहिलेलं. हे व्हायकाउंट स्वतः ट्रिनिटी हॉल या जुन्या कॉलेजचे विद्यार्थी. आमच्या मुलांनी सरळ समोरच्या शेजाऱ्याचं नाव लावलं, आणि नावासोबत त्या घराण्याची ढालही उचलली. लाल-पांढऱ्या तिरक्या चौकोनांची ती नक्षी इंग्रजांच्या चिन्हशास्त्रात काय म्हणवते ते असो, मराठी माणसाला ती एकच वस्तू दिसते. दिवाळीला आईचं पार्सल आलं तेव्हा लॉजमधल्या पोर्टरने विचारलं, आत काय आहे. मी त्याच्या कोटावरच्या ढालीवर बोट ठेवलं. डबा उघडून दाखवल्यावर तो खो खो हसला आणि मग दोन ओंजळी संपवल्या. पुढे वर्षभर माझं टपाल आलं की तो ‘अजून ढाली आल्यात का?’ असं विचारत असे.

या बिनभिंतींच्या संस्थेचा एक फायदा मला कागदपत्रांत फार ठळक दिसला. तिथे दार ठोठावता येत असे. सुभाषचंद्र बोस १९१९ च्या ऑक्टोबरात पोचले तेव्हा सत्र सुरू झालं होतं. सेन्सॉर रेडवे यांनी त्यांना घेतलं. दुसऱ्या महायुद्धानंतर, पुढे सिंगापूरचे पंतप्रधान झालेले ली क्वान यू लंडनला कंटाळून वर्षाच्या मध्येच केंब्रिजला आले. त्यांना तेव्हाचे सेन्सॉर थॅचर यांनी घेतलं. दोघांनीही आपापल्या आठवणींत या माणसांची नावं घेतली आहेत. वेळापत्रकाबाहेर आलेल्या परक्या मुलाला एका खुर्चीतल्या माणसाने ‘बस’ म्हणावं, ही मला त्या काळातली सगळ्यात मोठी परंपरा वाटते. कुठल्याही माहितीपत्रकात ती छापलेली नसते.

जयंत नारळीकर १९५७ साली आले ते याच संस्थेत. तोवर तिचं नाव फिट्झविल्यम हाउस झालं होतं. त्यांचे वडीलही केंब्रिजचे रँग्लर. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रातलं दुसरं नगर ते हेच. त्या काळी बहुतेक मुलं परवानाधारक घरमालकिणींकडे राहत. मुलगा रात्री किती वाजता परतला याची नोंद त्या बाईने ठेवायची. अंधार पडल्यावर गाऊनशिवाय रस्त्यावर सापडलात, तर विद्यापीठाचे प्रॉक्टर सहा शिलिंग आठ पेन्स दंड करत. आता तो दंड नाही. नाड्यांचा नियम मात्र आहे. परंपरा गाळताना कुठली चाळणी लावतात, हे मला वर्षभरात कळलं नाही.

महायुद्धानंतर एक गंमत झाली. सरकार मुलांना शिष्यवृत्त्या देऊ लागलं आणि गरिबांना कॉलेजं परवडायला लागली. मग गरिबांसाठीचं हे घर हवं कशाला? बंद करण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. ज्या जुन्या विद्यार्थ्यांना कधी ‘कुणाचेही नसलेले’ म्हटलं गेलं होतं, तेच खवळून उठले. बंद कसलं करता, आम्हाला कॉलेज करा. पैसे गोळा झाले, गावाच्या उत्तरेला हंटिंग्डन रोडवर जागा मिळाली, डेनिस लॅस्डन या वास्तुविशारदाने आराखडा केला. लंडनचं नॅशनल थिएटर ज्यांचं, ते हेच. १९६३ ला इमारत उघडली, १९६६ ला शाही सनद आली. शेवटचे सेन्सॉर ग्रेव्ह हेच पहिले मास्टर झाले. मुलींना प्रवेश मिळायला मात्र १९७० च्या दशकाची अखेर उजाडली. गरिबांसाठी दार उघडणाऱ्या घरालाही हे सुचायला शंभरावर वर्षं लागावीत! त्याच १८६९ साली स्थापन झालेल्या गर्टन कॉलेजच्या मुली अभ्यास करत होत्या, परीक्षा देत होत्या, पण १९४८ पर्यंत विद्यापीठाने त्यांना पूर्ण पदवी दिली नाही.

लॅस्डनची इमारत फोटो काढण्याजोगी नाही. किंग्जचं चॅपल बघायला आलेले पर्यटक आमच्याकडे चुकूनही फिरकत नसत. गडद विटा, अरुंद जिने, हॉस्टेलसारख्या खोल्या. पण आवारात जुनी झाडं आणि ‘द ग्रोव्ह’ नावाचं घर आहे. चार्ल्स डार्विन गेल्यावर एमा डार्विन हिवाळ्यात तिथे राहायला येत. आणि हे सगळं आहे टेकडीवर. केंब्रिज म्हणजे सपाट ताट. त्यात कासल हिल हा एकच उंचवटा, आणि तेवढ्याच भांडवलावर आमच्यासारख्यांना ‘हिल कॉलेजेस’ म्हणतात. अजिंक्यतारा रोज बघितलेल्या माणसाला ते ऐकून हसू येतं. नोव्हेंबरच्या वाऱ्यात, मागच्या कॅरियरला पुस्तकं बांधून सायकल वर रेटली की येत नाही.

या साध्या इमारतीत एक जेवणघर आहे, उंच, छतातून उजेड झिरपणारं. आठवड्यातल्या ठरलेल्या संध्याकाळी तिथे ‘फॉर्मल हॉल’ असे. गाऊन घालून खुर्च्यांमागे उभं राहायचं, घंटा झाली की उच्चासनावरची मंडळी आत येणार, लॅटिनमधली प्रार्थना होणार, मग खुर्च्यांचा आवाज. पहिल्या दिवशी माझी बाही सरळ भोपळ्याच्या सूपमध्ये गेली. शाकाहारी म्हणून समोर भरलेली ढोबळी मिरची आली. पुढच्या वेळीही आली. वर्षभरात मी किती ढोबळ्या मिरच्या खाल्ल्या याचा हिशोब नाही. शेजारच्याने माझ्या ग्लासात गुपचूप एक पेनी टाकली. नाण्यावर राणीचा चेहरा, राणी बुडतेय, तिला वाचवायचं तर ग्लास एका दमात रिकामा करायचा. माझ्या ग्लासात सफरचंदाचा रस होता. राणी वाचली, टेबलाचा हिरमोड झाला.

इथलं कॅलेंडरही स्वतःचंच. सत्रांची नावं मिकलमस, लेंट, ईस्टर. सत्र आठ आठवड्यांचं, आणि आठवडा गुरुवारी सुरू होतो. ‘मे वीक’ येतो जूनमध्ये. बाहेरच्याला चक्रावून सोडायचं, हाच कशाचा हेतू असेल तर या पंचांगाचा. त्याच जूनमध्ये कॅमवर नौकांच्या ‘बम्प्स’ शर्यती असतात. नदी इतकी चिंचोळी की दोन होड्या शेजारून धावूच शकत नाहीत. म्हणून एकामागे एक ठरावीक अंतर सोडून उभ्या करतात. तोफ झाली की मागच्याने पुढच्याला गाठून धडक द्यायची. दिली, की दुसऱ्या दिवशी त्याची जागा तुमची. धडक देणारे काठावरच्या विलोच्या फांद्या तोडून डोक्यात खोवतात आणि परततात. चार दिवस रोज मार खाल्ला तर लाकडी चमचा. मी सहा पहाटे वल्ही मारून पाहिली, हाताला फोड आले, मग काठावरून ओरडण्याचं काम पत्करलं.

मला त्यातली एक गोष्ट चटका लावून गेली. शेवटच्या दिवशी होडी जिथे असते, तिथूनच पुढच्या वर्षी सुरू करते. वल्ही मारणारी मुलं बदलतात, जागा राहते. ज्या कॉलेजाला गावात जागा मिळायला जवळजवळ शतक गेलं, त्याला नदीतली जागा मात्र कुणी देणगीत देऊ शकत नव्हतं, आणि कुणी काढूनही घेऊ शकत नव्हतं.

लाकडी चमचा मुळात गणिताचा. ट्रायपॉस या पदवी परीक्षेच्या मानाच्या यादीत तळाला आलेल्याला तो मिळे, आणि पहिल्या वर्गातले ते रँग्लर. सेंट जॉन्सच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांनी १८९९ मध्ये सीनियर रँग्लरचा मान मिळवला, आणि महाराष्ट्रात तो शब्द कायमचा त्यांच्या नावामागे चिकटला. क्रमवार यादी १९०९ नंतर बंद झाली. तरी जूनमध्ये मी सेनेट हाउसमध्ये गणिताचे निकाल ऐकायला गेलो. परीक्षकांच्या प्रमुखांनी सज्जातून नावं वाचली, आता वर्णक्रमाने. पण एका नावाला डोक्यावरची टोपी किंचित उचलली, आणि पहिलं कोण ते खालच्यांना कळलं. मग वरून कागद भिरकावले. पकडायला एकच झुंबड उडाली.

माझा पदवीदान समारंभ पुढे एका शनिवारी झाला. तिथे मानाचा क्रम असतो: किंग्ज, ट्रिनिटी, सेंट जॉन्स, मग बाकीची वयानुसार. आम्ही बराच वेळ उभे होतो. त्या दिवशीही अंगात तोच गाऊन, खांद्यावर फक्त निळ्या अस्तराचं हूड नवं. प्रीलेक्टर नावाचे कॉलेजचे प्रतिनिधी चौघांना घेऊन पुढे होतात आणि उजवा हात मागे करतात. प्रत्येकाने एक बोट धरायचं. माझ्या वाट्याला करंगळी आली. तिच्यावर थंडीने पडलेली एक बारीक चीर होती. लॅटिनमध्ये माझी शिफारस झाली, मग एकट्याने पुढे जाऊन गुडघे टेकले, जोडलेले हात अध्यक्षस्थानी बसलेल्यांनी आपल्या हातात घेतले. उठलो, वाकलो, बाजूच्या दाराने गल्लीत आलो. सगळं मिनिटभरात.

संध्याकाळी ट्रम्पिंग्टन स्ट्रीटवरच्या फिट्झबिलीज बेकरीतला पाकाने चिकट झालेला चेल्सी बन खात ३१ नंबरसमोर उभा राहिलो. मग कासल हिल चढून खोलीवर आलो. सोलापूरची एक मुलगी त्या वर्षी आमच्या कॉलेजात नवी आली होती. मॅट्रिक्युलेशनचा, म्हणजे विद्यापीठात दाखल होण्याच्या विधीचा, फोटो दोन दिवसांवर होता आणि नवा गाऊन महाग पडत होता. माझा तिला दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला.

"दादा, याला नाड्या नाहीत का?"

"आहेत. आत टाचल्यात. टाके उसवू नकोस."