कोष्टकनामे आणि देवनागरीचे संकेतन

जुन्या दफ्तरखान्यात कागदांचा रुमाल हाती घेतला, की त्यावरील शीर्षकावरून आतील मजकुराची कल्पना येते. ते शीर्षक पुसले गेले, तर कागद शाबूत असूनही अभ्यासकाच्या दृष्टीने ते जवळजवळ नाहीसेच होतात. संगणकीय डेटाबेसमध्ये हेच स्थान कोष्टकाच्या नावाला आहे. म्हणून ते नाव कोणत्या संकेतांनी लिहिले जाते, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नसून इतिहाससाधनांचाही आहे.

या प्रश्नाचे मूळ कालक्रमात आहे. अमेरिकेत १९६३ साली सिद्ध झालेल्या ॲस्की संकेतावलीत १२८ स्थानांचीच सोय होती व अक्षरे म्हणून केवळ रोमन लिपी गृहीत धरली होती. एडगर कॉड यांनी संबंधात्मक डेटाबेसचा सिद्धान्त १९७० साली मांडला. चेंबरलिन व बॉइस यांनी त्यास अनुरूप पृच्छाभाषा १९७४ साली प्रसिद्ध केली. भारतीय लिपींचे इस्की हे मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती मात्र १९९१ सालची, तर यूटीएफ-८ ही पद्धती १९९२ सालची होय. सारांश, नामकरणाची चौकट आधी घडली आणि देवनागरीचा प्रवेश तीत मागाहून झाला.

या मागाहून झालेल्या प्रवेशाचा पहिला परिणाम नावाच्या लांबीवर झाला. यूटीएफ-८ मध्ये रोमन अक्षरास १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३. 'विद्यार्थी' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. पण मात्रा व हलन्त धरून त्यात १० चिन्हे, म्हणजे ३० बाइट होतात. ओरॅकल या प्रणालीत १२.२ ही आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०१६-१७ पर्यंत, नावाची मर्यादा नेमकी ३० बाइटांची होती. या एका शब्दानेच ती संपत असे. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ही मर्यादा सामान्यतः ६३ बाइटांची असून लांब नावाचा शेष भाग सूचना देऊन छाटला जातो.

दुसरा दोष चुकीच्या वाचनाचा. मायएसक्यूएलमध्ये २०१८ सालच्या ८.० आवृत्तीपूर्वी 'लॅटिन-१' हीच मूळ संकेतावली होती. जोडणीची संकेतावली लॅटिन-१ अशी घोषित करून प्रत्यक्षात यूटीएफ-८ मधील नाव पाठविले, तर प्रत्येक बाइट स्वतंत्र युरोपीय अक्षर समजला जातो. पुढे जोडणी दुरुस्त होताच खरे नाव सापडत नाही, आणि यादीत दिसते ते नाव वाचता येत नाही. अशा वेळी जुन्या जोडणीतूनच कोष्टकास तात्पुरते रोमन नाव द्यावे व मग शुद्ध जोडणीतून देवनागरी नाव द्यावे, हा मार्ग सुरक्षित ठरतो.

तिसरा दोष खास मराठीचा आहे. 'शेतकऱ्यांची' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे संकेतित होतो: नुक्तायुक्त र व हलन्त यांनी, किंवा साधा र, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह यांनी. दुसरा प्रकार युनिकोडने जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ठेवला आहे. प्रमाणीकरणाच्या नियमांनीही हे दोन प्रकार एकरूप होत नाहीत. त्यामुळे डोळ्यांना एकच दिसणारी दोन नावे यंत्रास भिन्न वाटतात. मोडीची अडचण याहून मोठी आहे. २०१४ साली तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, परंतु ते मूळ पटलाबाहेर. मायएसक्यूएल त्या पटलाबाहेरील चिन्हे मजकुरात स्वीकारते, नावात स्वीकारीत नाही.

या अडचणींना कंटाळून रोमन नावांचा आश्रय घेतला जातो. तोही निर्दोष नाही. विशेष चिन्हांवाचून लिहिल्यास 'माल', 'माळ' आणि 'मळ' ही तिन्ही नावे एकच होतात. तेव्हा रोमन नाव वापरणे भाग पडलेच, तर मूळ देवनागरी शीर्षक, त्याची संकेतावली व नामांतराची तारीख यांची नोंद स्वतंत्र कोष्टकात ठेवणे आवश्यक होय. रुमालावरील शीर्षक बदलणाऱ्या कारकुनाने जुन्या शीर्षकाची नोंद न ठेवल्यास पुढील पिढीचे जे नुकसान होते, तेच येथेही होणार आहे.