धातुशोधक यंत्र, हौशी शोधक आणि नाणेनिधी : इंग्लंडमधील अनुभव

नाणे हे इतिहासाचे विश्वसनीय साधन मानले जाते. परंतु ते कोठे, किती खोलीवर आणि कोणत्या वस्तूंच्या सान्निध्यात सापडले, याची नोंद नसेल तर त्याची साक्ष निम्मीअधिक मुकी होते. दुसऱ्या महायुद्धात भूसुरुंग शोधण्यासाठी वापरलेले धातुशोधक यंत्र पुढे स्वस्त व हलके होऊन सामान्य माणसाच्या हाती आले. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये सुट्टीच्या दिवशी नांगरलेल्या शेतातून यंत्र फिरवीत हिंडणे हा हजारो लोकांचा छंद बनला, तेव्हापासून हा प्रश्न तेथे तीव्र झाला. या छंदाने इतिहासाला काय दिले आणि काय हिरावून घेतले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभी पुरातत्त्वज्ञांची भूमिका सरळ विरोधाची होती. १९७९ च्या कायद्याने संरक्षित स्थळी परवानगीवाचून हे यंत्र वापरण्यास मनाई केली. पण संरक्षित यादीबाहेरची शेती विस्तीर्ण होती. सरे परगण्यातील वानबरो येथील रोमनकालीन मंदिराचे स्थळ १९८० च्या दशकाच्या मध्यास रात्री-अपरात्री खणून लुटले गेले. खटले उभे राहिले, मात्र जुन्या कायद्यानुसार धन परत काढून घेण्याच्या हेतूनेच पुरले होते, हे सिद्ध करावे लागे. देवाला वाहिलेले धन परत घेण्यासाठी नसतेच! या त्रुटीमुळे झालेल्या चळवळीतून १९९६ चा निधी कायदा आला. त्याने हेतूची अट काढून वय, धातूचे प्रमाण आणि नाण्यांची संख्या हे निकष ठरविले. निधी सापडल्यास १४ दिवसांत कळविणे बंधनकारक झाले. संग्रहालयाने तो घेतल्यास बाजारभावाने मोबदला देण्याची प्रथा मात्र जुनीच होती. १९९७ पासून, कायद्याच्या कक्षेत न येणाऱ्या वस्तूंचीही ऐच्छिक नोंद करणारी योजना सुरू झाली. तिच्यातील नोंदींनी २०१४ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. त्यांतील फार मोठा वाटा हौशी शोधकांचा आहे, हे विरोधकांनाही मान्य करावे लागते.

प्रामाणिक शोधकाचे उदाहरण म्हणून सफोकमधील हॉक्स्ने येथील निधीचा उल्लेख नेहमी होतो. नोव्हेंबर १९९२ मध्ये एक निवृत्त गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होता. यंत्राने भलतीच खूण दिली. थोडी नाणी वर येताच त्याने खणणे थांबवून कळविले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननात सुमारे १५,००० रोमन नाणी, दागिने व चांदीची भांडी तर मिळालीच; शिवाय ती ज्या लाकडी पेटीत ठेवली होती तिचे अवशेषही टिपता आले. घाईने उपसले असते तर पेटी कोणाच्या ध्यानीही आली नसती. (हातोडाही सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.)

याहून बोलका दाखला २०१५ मधील दोन निधींचा आहे. दोन्ही नवव्या शतकाच्या उत्तरार्धातील, व्हायकिंग आक्रमणांच्या काळातील. ऑक्सफर्डशायरमधील वॉटलिंग्टनचा निधी शोधकाने तत्काळ कळविला. मातीच्या ढेकळासह तो उचलून प्रयोगशाळेत उकलण्यात आला आणि १८६ नाणी अभ्यासकांना उपलब्ध झाली. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा दुसरा केओलवुल्फ या दोघांनीही एकाच घडणीची नाणी पाडल्याचे त्यांतून ठळकपणे दिसले. काही नाण्यांवर तर दोन सम्राट शेजारी शेजारी बसलेले आहेत. आल्फ्रेडच्या प्रभावाखाली लिहिल्या गेलेल्या बखरीने केओलवुल्फला व्हायकिंगांचे मूर्ख बाहुले ठरविले होते. नाणी मात्र त्याला आल्फ्रेडचा बरोबरीचा सहकारी म्हणून दाखवितात. विजेत्याच्या दरबारी बखरीला नाण्याने दिलेले हे उत्तर होय.

त्याच प्रकारची नाणी असलेला हेरेफर्डशायरमधील लेमस्टरजवळचा निधी शोधकांनी दडविला आणि तो परस्पर विकावयास काढला. त्यांनी पुसून टाकलेली छायाचित्रे तपासात पुन्हा मिळाली. त्यांवरून नाणी सुमारे ३०० असावीत असा अंदाज आहे. प्रथम जेमतेम तीसच हाती आली. २०१९ मध्ये दोषींना कारावास झाला. पुढे २०२३ मध्ये निकाली निघालेल्या दुसऱ्या खटल्यातील ४४ नाणीही याच निधीतील असावीत, असे मानले जाते. उरलेल्यांचा मागमूस नाही. दोन राजांच्या सख्याचा कालक्रम आणखी स्पष्ट करू शकला असता असा पुरावा अशा रीतीने फुटून गेला. ही हानी पैशात मोजता येण्याजोगी नाही.

नांगराच्या फाळाने वस्तू आधीच विस्थापित झालेल्या असतात, म्हणून त्या उचलल्याने काही बिघडत नाही, हा छांदिष्टांचा युक्तिवाद वरच्या थरापुरता ग्राह्य आहे. निधी मात्र बहुधा त्याखाली असतो आणि तेथे तो युक्तिवाद टिकत नाही.

आपल्याकडे यंत्राशिवायही निधी निघत आले आहेत. १९०६ मध्ये नाशिकजवळील जोगळटेंभी येथे क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारला होता. हे प्रमाण कळले ते बहुसंख्य नाणी एकत्र अभ्यासता आली म्हणूनच. त्यांतली दहा-वीस नाणीच हाती आली असती, तर नहपानाच्या पराभवानंतर त्याचे चलन किती मोठ्या प्रमाणावर ताब्यात घेतले गेले, हे सांगता आले नसते. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते. शासनाने तो संपादन केल्यास धातूचे मूल्य आणि त्यावर एक-पंचमांश एवढीच रक्कम मिळते. दुर्मीळ नाण्याला संग्राहक देत असलेली किंमत त्यात धरलेली नाही आणि सोनाराची मूस शेतकऱ्याला कचेरीपेक्षा जवळ वाटते.