बाबागाडीची गोष्ट: पैसे कशाचे द्यायचे?



बारशाच्या यादीत आता पाळणा, वाळे, झबली-टोपडी यांच्या जोडीला बाबागाडीही आली आहे. पुष्कळ घरांत ती मुलीच्या माहेरहून यावी अशी न बोललेली अपेक्षा असते. मग माहेरची माणसं ऐपतीबाहेर जाऊन चकचकीत गाडी घेतात. सहा महिन्यांनी पाहावं तर ती बाल्कनीत उभी असते आणि तिच्या दांड्यावर दुपटी वाळत असतात. कारण विचारलं तर उत्तर साधंच मिळतं: लिफ्टमध्ये बसत नाही, एकटीला उचलत नाही.

स्वस्त गाडी घेतली तर बाळावरची माया कमी, असं कुणाला वाटू नये म्हणून हा खर्च होतो. पण या वस्तूचा इतिहास पाहिला, तर गाडीतला कोणता भाग बाळासाठी आहे आणि कोणता चारचौघांसाठी, हे चांगलं समजतं. दुकानात जाण्याआधी तो जाणून घेण्यासारखा आहे.

बागेतली हौस

सन १७३३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी एक छोटी गाडी तयार झाली. ती करणारा विल्यम केंट हा महाल आणि बागा यांचा नामांकित रचनाकार होता. शिंपल्याच्या आकाराची बैठक आणि पुढे बकरी किंवा लहानसं तट्टू जुंपायची सोय, अशी ती गाडी. बागेत मुलांना फिरवायची ती एक हौस होती. आईचे हात मोकळे व्हावेत हा विचार त्यात नव्हता, कारण ड्यूकच्या घरी बाळं सांभाळायला दाया होत्याच. म्हणजे बाबागाडीचा जन्मच मुळी थाटातला.

ओढण्याऐवजी ढकलणं

पुढची शंभरेक वर्षं मुलांच्या गाड्या मुख्यतः ओढायच्याच होत्या. ओढण्यात एक मोठी अडचण असते. बाळ आपल्या पाठीमागे राहतं. ते वाकलं, घसरलं तरी कळत नाही. न्यूयॉर्कच्या चार्ल्स बर्टनने १८४८ च्या सुमारास मागे दांडा लावून ढकलायची गाडी आणली. बाळ डोळ्यांसमोर आलं. पण ढकलणाऱ्यांना सवय नव्हती, रस्त्यावरच्या माणसांना धक्के लागायचे आणि लोक तक्रारी करू लागले. बर्टन इंग्लंडला गेला आणि तिथे मात्र ही कल्पना रुजली. राणी व्हिक्टोरियाने आपल्या मुलांसाठी गाड्या घेतल्या, मग काय, बड्या घरांत त्यांची चढाओढ लागली. 'पेरँब्युलेटर' हे लांबलचक नाव 'फेरफटका मारणे' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलं आणि बोलता बोलता त्याचं 'प्रॅम' झालं.

बर्टनच्या काळातल्या गाड्या बसत्या मुलांसाठी होत्या. तान्ह्या बाळाला आडवं निजवता येईल अशा गाड्या त्यानंतर आल्या. १८८९ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरच्या विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय संशोधकाने आणखी दोन सुधारणांचं पेटंट घेतलं. बाळाची बैठक फिरवून त्याचं तोंड आईकडे किंवा रस्त्याकडे करता येऊ लागलं आणि चाकं स्वतंत्रपणे फिरत असल्यामुळे गाडी थोड्या जागेत वळू लागली. आज दुकानदार 'नवीन फीचर' म्हणून ज्याचे जादा पैसे सांगतात, त्या फिरत्या बैठकीला सव्वाशेहून अधिक वर्षं झाली आहेत.

उंच चाकांचा रुबाब

१८७७ मध्ये विल्यम विल्सन यांनी लीड्स शहरात सिल्व्हर क्रॉस हा गाड्यांचा कारखाना काढला. घोडागाडीसारखी उंच चाकं, झोके देणाऱ्या स्प्रिंगा, चमकता रंग असा या जातीच्या गाड्यांचा थाट असे. लंडनच्या बागांमध्ये गणवेशातल्या आया त्या ढकलत निघायच्या. गाडी जड होती, पण मालकिणीला ती उचलायची नसल्यामुळे वजनाची चिंता कुणी केली नाही.

त्याच देशातल्या कष्टकरी बायकांची बाबागाडी वेगळी होती. ती हप्त्यावर घेतलेली असे किंवा शेजारणीकडून जुनी मिळालेली. एकामागून एक मुलं तिच्यात वाढत आणि मूल चालू लागलं की तिच्यातूनच कोळसा यायचा. ग्लासगोच्या बायका धुण्याची बोचकी सार्वजनिक धुलाईघरात तिच्यातूनच न्यायच्या. आया ठेवणाऱ्या घरापेक्षा गाडीचा खरा उपयोग या बायकांनीच केला.

आपल्याकडची कडेवरची सवय

आपल्याकडे ही गाडी साहेबांच्या बंगल्यांतून आली. साहेबांची मुलं म्हणजे 'बाबालोक', आणि त्यांना फिरवायला आया. आपल्या 'बाबागाडी' या शब्दातही तोच 'बाबा' बसला आहे. आपल्या घरांत मात्र तिची गरज भासली नाही. निजायला पाळणा किंवा झोळी, चालायला शिकताना पांगुळगाडा, आणि बाहेर जाताना आजी, आत्या, काकू यांपैकी कुणाची तरी कड. बाळ घरात हातोहात फिरायचं.

आज पिंपरीत, ठाण्यात किंवा बंगळुरूत नवरा-बायको दोघंच राहतात. नवरा कामावर गेला की डॉक्टरकडे लस द्यायला, भाजीला, मंदिरात, सगळीकडे आई एकटीच. कड तीच, हातही तेच दोन. म्हणून बाबागाडीला चैन म्हणून नावं ठेवणंही बरोबर नाही. कमी झालेल्या माणसांचं थोडं काम ती करते. आणि म्हणूनच ती त्या एकट्या आईला पेलणारी हवी.

लेकीसाठी केलेली गाडी

हा विचार ज्याने पहिल्यांदा नीट केला, तो विमानांचा अभियंता होता. ओवेन मॅक्लॅरन यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलं होतं. त्यांची मुलगी परदेशातून लहान बाळाला घेऊन आली, तेव्हा तिची जड गाडी प्रवासात सांभाळताना होणारी तारांबळ त्यांनी पाहिली. विमानाची चाकं घडी होऊन पोटात जातात, मग गाडीची घडी का होऊ नये? हलक्या ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरून त्यांनी छत्रीसारखी मिटणारी गाडी केली. १९६५ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६७ मध्ये ती विक्रीला आली. वजन अवघं २.७ किलोच्या आसपास. एका कडेवर बाळ घेऊन दुसऱ्या हाताने मिटता येणारी ही गाडी बस, आगगाडी आणि जिने वापरणाऱ्या घरांसाठी होती. आज बाजारात दिसणाऱ्या साध्या घडीच्या गाड्या तिच्याच वंशातल्या.

मग घ्यायचं काय?

या इतिहासातून मला एक हिशेब सापडतो. उंच चाकं, भारी कापड, मोठं नाव यांचे पैसे पाहणाऱ्यांसाठी असतात. बाळासाठी आणि आईसाठी द्यायचे पैसे पुढच्या गोष्टींचे.

पहिली गोष्ट बाळाचं वय. ज्याची मान धरलेली नाही आणि ज्याला बसता येत नाही, त्याला जवळजवळ सपाट होणारी पाठ हवी. छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या गाड्यांची पाठ पुष्कळदा तेवढी मागे जात नाही, म्हणून त्या सहा महिन्यांनंतर, बाळ नीट बसू लागलं की घ्याव्यात. पहिले काही महिने पाळणा आणि कड यांवर भागणार असेल, तर थांबून एकच हलकी गाडी घेणं सर्वांत स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट पट्टे आणि ब्रेक. दोन्ही खांदे, दोन्ही बाजूंनी कंबर आणि पायांमधून, असा पाच जागी धरणारा पट्टा असावा. ब्रेक लावून दुकानातच गाडी ढकलून पाहा. चाक फिरलं तर ती गाडी नको.

तिसरी गोष्ट बिजागरी. २००९ साली अमेरिकेत मॅक्लॅरन कंपनीच्याच सुमारे १० लाख गाड्यांना बिजागरीवरची झाकणं द्यावी लागली, कारण गाडी उघडताना मुलांची बोटं सापडून तुटल्याच्या घटना घडल्या होत्या. नावाजलेली कंपनीही डोळे झाकून घेऊ नये, हा त्याचा धडा. घडी उघडताना-मिटताना मूल हाताच्या अंतरावर नको, आणि उघडल्यावर खटका बसला की नाही हे दाबून पाहायचं.

चौथी गोष्ट आपलं घर. लिफ्टच्या दाराची रुंदी टेपने मोजून न्या. दुकानात गाडी एका हाताने मिटवून उचला आणि दहा पावलं चाला. फुटपाथ खडबडीत असेल तर अगदी लहान चाकं अडकतात, तिथे थोडी मोठी चाकं घेण्यात पैसे वाया जात नाहीत.

बहिणीची किंवा जावेची वापरलेली गाडी मिळत असेल तर संकोच कसला? पट्ट्यांची शिवण, ब्रेक, खटका आणि चाकं तपासा, कापड धुऊन कडक उन्हात वाळवा. आणि गाडी नवी असो की जुनी, दांड्यावर भाजीची जड पिशवी अडकवू नका, बाळासकट ती मागे कलंडते. उन्हात गाडीवर दुपटंही टाकू नका, आत वारा राहत नाही आणि बाळ तापतं.

राहता राहिला बारशाचा प्रश्न. ज्यांच्या घरी सून बाळंतीण आहे त्यांनी व्याह्यांना आधीच कळवावं, "गाडी आम्ही मुलांना विचारून, बाळ बसू लागलं की घेऊ." या एका वाक्याने एखाद्या माहेरचे कितीतरी हजार वाचतील. आणि आजीला काही द्यायचंच असेल, तर पहिले दोन-तीन महिने रोज संध्याकाळी येऊन तासभर बाळाला कडेवर घ्यावं. तेवढ्यात सून निवांत जेवेल.